टाळ्या वाजवून झाल्यावर

२२ मार्च २०२०. संध्याकाळी ५ वाजता आमच्या सोसायटीनं थाळ्या बडवल्या. मीही बडवली, व्हिडिओ काढला आणि मामेबहिणीला पाठवला. ताई तेव्हा एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमएस सर्जरीच्या पहिल्या वर्षाला होती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "पाहिला. झोपले होते."

पुढचे कितीतरी महिने तिनं ऑपरेशन थिएटरपेक्षा कोविड वॉर्डात जास्त काढले. आधी ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली होती. हर्निया, पित्ताशय, म्हणजे ज्यांवर शिकाऊ सर्जनचा हात बसतो, तेच बंद. त्याऐवजी पीपीई किट घालून ऑक्सिजनचे आकडे बघायचे आणि नातेवाइकांना फोनवर मृत्यू कळवायचा. तो कसा कळवायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

१८ एप्रिल २०२१ची नीट पीजी पुढे गेली, ती ११ सप्टेंबरला झाली. मग आरक्षणाचा खटला सुप्रीम कोर्टात. काउन्सेलिंग सुरू व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. तोवर नवे ज्युनिअर नाहीत, तीन बॅचचं काम दोन बॅचवर. तिसऱ्या वर्षाची ताई रक्ताचे नमुनेही स्वतःच काढत होती.

एकदा मी म्हणालो, "तुम्ही लोकांनी केवढा त्याग केलात."

"त्यागासाठी आधी विचारावं लागतं रे. मला ड्युटी लिस्ट आली."

साथीत डॉक्टरनं हजर राहावं, हे मला मान्य आहे, तिलाही. पण शिकाऊ डॉक्टर हॉस्पिटलात दोन नात्यांनी असतो: कामाला आणि शिकायला. काम आपण पुरेपूर घेतलं. शिकवणं राहिलं. वर 'योद्धा' म्हटलं, आणि योद्ध्याला "मला झोप लागत नाही" असं म्हणायची सोय नसते.

आमच्या धंद्यात घाईत उरकलेल्या कामाला टेक्निकल डेट म्हणतात. ते लिहून ठेवतात, म्हणजे पुढे कुणीतरी फेडतं. हे कर्ज कुणी लिहूनच ठेवलं नाही, म्हणून जिनं दिलं तीच फेडत बसली. हात बसवायला ताई नंतर सीनियर सर्जनच्या शेजारी जास्तीचे तास उभी राहिली. रात्री फोन वाजला की ती अजून दचकते. त्याच काळात घरी बसून मला पगारवाढ मिळाली होती.

तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. थाळी वाजवण्यात वाईट काही नव्हतं. तेवढ्यानं हिशेब मिटला असं मी धरून चाललो, ते चुकलं.