न पाहिलेल्या गुरूची दक्षिणा

विद्या ही आपल्याकडे कधीच नुसती घेण्याची वस्तू नव्हती. विद्या घेतली की ऋण झाले, आणि ऋण झाले की ते फेडायचे कसे, हा प्रश्न आलाच. गुरूच्या घरी पाणी भरून, लाकडे फोडून शिष्य ते फेडी. सुताराच्या हाताखालचा पोरगा कितीतरी दिवस नुसता भुसा झाडी, तेव्हा कुठे त्याच्या हाती रंधा येई. २००५ साली यूट्यूब सुरू झाले आणि नळ दुरुस्त करण्यापासून झबले बेतण्यापर्यंत वाटेल ती विद्या शिकविणारे गुरू घरबसल्या भेटू लागले. ते आपले नाव विचारीत नाहीत, कूळ विचारीत नाहीत. मग त्यांचे ऋण कोणते, आणि ते फेडायचे तरी कोणाला?

या औदार्याला मी लहान मानीत नाही. जुन्या काळची थोरवी गाताना आपण विसरतो की, कारागिराची विद्या बहुधा घराबाहेर पडत नसे. मर्माची गोष्ट बाप मुलालाच सांगे, आणि कधी ती सांगायची राहूनच जाई. एकलव्य निषादाचा मुलगा म्हणून द्रोणांनी त्याला परतविले. मातीच्या मूर्तीपुढे त्याने विद्या साधली, तर दक्षिणा म्हणून उजवा अंगठा मागितला. याउलट, पुण्याच्या आयुकामधील मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याच्या कृती आपल्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट खुल्या करून दिल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या मुलीच्या हाती घरात कोणी कधी पाना दिला नसता, तिलाही आज पाना कसा धरावा हे दाखविणारा कोणी भेटतो. ही गोष्ट सामान्य नव्हे.

पण दाखविणे म्हणजे शिकविणे नव्हे, आणि पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. ‘अमुक असे आहे’ हे जाणणे वेगळे आणि ‘अमुक कसे करावे’ हे जाणणे वेगळे, असे गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात मांडले. गळक्या नळापाशी बसले की हा भेद चटकन उमगतो. आधी मुख्य कॉक बंद करावा, नळाचे डोके उघडावे, झिजलेला वायसर काढून नवा घालावा, इतके पडदा सांगतो. पाना किती आवळावा हे मात्र तो सांगू शकत नाही. कमी आवळला तर पाणी झिरपते, जास्त आवळला तर आटे जातात. ते ‘पुरे’ मनगटालाच कळते.

मला भीती वाटते ती इथे. अंगठ्याने पडदा सरकवीत आपण दहा कृती पाहतो, एकही करीत नाही, आणि शिकल्याच्या समाधानात झोपी जातो. एकलव्याचा अंगठा गुरूने मागून घेतला. आपण आपला कोणी न मागताच देऊन टाकला आहे! कोणी म्हणेल, नुसते पाहिले तर कोणाचे काय बिघडले? बिघडते ते असे की, नुसते पाहणाऱ्याला प्रत्येक काम सोपे वाटते. ‘त्यात काय आहे!’ म्हणून तोच दारी आलेल्या प्लंबरशी घासाघीस करतो. ज्याने एकदा स्वतः पाना धरून बोटे सोलून घेतली, तो मजुरी देताना हात आखडीत नाही. हाताने केलेले काम दुसऱ्याच्या हाताची किंमत शिकविते. डोळ्यांनी पाहिलेले ती विसरायला लावते.

म्हणून न पाहिलेल्या गुरूची दक्षिणा, माझ्या मते, दुहेरी आहे. जे पाहिले ते एकदा तरी स्वतःच्या हाताने करावे, आणि जे हाताला आले ते शेजारच्या कोणाला जवळ बसवून द्यावे. यंदा घरी आकाशकंदील करायचा असेल तर कृती खुशाल पडद्यावरून घ्या. पण बांबूची कामटी पाण्यात भिजवून, मोडणार नाही इतकीच वाकविताना मुलाचा हात आपल्या हातात असू द्या. कंदील थोडा वाकडा झाला तरी त्यातला दिवा काही वाकडा जळत नाही.