किती वाजता?

माझं गाव वरठी. रेल्वेच्या नकाशावर आम्ही 'भंडारा रोड' आहोत. गावाचं नाव बाजूला पडण्याची आम्हाला सवय आहे. माणसं आकड्यामागे गेली की मात्र त्रास होतो.

९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. २४ जानेवारी २०२५. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, ८ जण गेले. कुणालाही विचारा, बहुतेक एवढंच आठवेल. पण त्या रात्री ७ बाळं वाचलीही होती. ती कोणत्या क्रमाने बाहेर आली? पहिला फोन किती वाजता गेला? जवाहरनगरच्या जखमींपर्यंत पहिला डॉक्टर किती मिनिटांनी पोचला? पुढच्या वेळी जीव वाचवणारी माहिती ही आहे. आणि ती सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिली, तरच दोन घटना शेजारी ठेवून बघता येतात.

अचानक हृदय बंद पडलेल्या रुग्णांसाठी अशी एक पद्धत ठरवायला १९९० साली नॉर्वेतल्या उटस्टाइन मठात डॉक्टर जमले होते. तोवर प्रत्येक शहर 'इतके वाचले' म्हणायचं. कितीपैकी, हे मोजायची रीत ज्याची त्याची. पुढे मोठ्या दुर्घटनांसाठी आणि एअर अ‍ॅम्ब्युलन्ससाठीही असे नमुने तयार झाले.

एअर अ‍ॅम्ब्युलन्सला त्याची गरज जरा जास्तच, कारण हेलिकॉप्टरचा फोटो फार छान येतो. ऋषिकेशच्या एम्समध्ये २०२४ साली अशी सेवा सुरू झाली; उद्या ती आपल्याकडेही येईल. तेव्हा 'हेलिकॉप्टर धावून आलं' एवढ्यावर बातमी संपू नये. उडालं कधी, उतरलं कुठे, रिकामं परतलं का, रस्त्यानेच नागपूर लवकर गाठता आलं असतं का, हेही लिहिलं जावं.

खरी अडचण एकाच रकान्यात आहे: काय चुकलं? ज्याची नोकरी जाऊ शकते, तो तिथे 'निरंक' लिहिणार. म्हणून शिकण्यासाठीचा अहवाल आणि दोषी ठरवणारी चौकशी वेगळी ठेवावी, हे मला पटतं. पण बाळ गमावलेल्या आईसमोर 'शिकण्यासाठी' हा शब्द उच्चारायचा कसा? आणि समजा, डॉक्टरने प्रामाणिकपणे लिहिलं, 'हेलिकॉप्टरमध्ये जागा एकच होती, या जखमीला मागे ठेवलं.' त्याच्या घरच्यांनी ते पान मागितलं तर?

द्यावं, असं माझं मत. मेडिकलला शिकणारा माझा मित्र म्हणतो, मग तसं पान कुणी लिहिणारच नाही.