खचायलाही जागा हवी

कॅन्सरच्या पेशंटला भेटायला गेल्यावर बोलायची वाक्यं ठरलेली असतात. ‘अजिबात खचायचं नाही.’ ‘पॉझिटिव्ह राहा, निम्मा आजार तिथंच बरा होतो.’ मग उदाहरणं निघतात. शरद पवारांनी २००४ मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून घेतलं आणि पुन्हा कामाला लागले. युवराज सिंग कीमो घेऊन २०१२ मध्येच पुन्हा भारताकडून खेळला. गोष्टी खऱ्या आहेत, सांगणाऱ्याच्या पोटात मायाही खरी असते. पण पलंगावरच्या माणसाला नेमकं तेव्हाच रडू येत असेल, तर ते गिळावं लागतं. आलेल्या-गेलेल्यांसमोर चेहरा हसरा ठेवणं हे त्याच्यामागे लागलेलं आणखी एक काम होऊन बसतं.

‘निम्मा आजार बरा होतो’ या वाक्याला माझा मनापासून विरोध आहे. मन घट्ट ठेवल्यानं गाठ विरघळत असेल, तर ती पुन्हा उद्भवली म्हणजे मनच कमी पडलं, असा त्याचा अर्थ होतो. आजार उलटलेली माणसं तो अर्थ बरोबर लावतात. ‘मीच कुठंतरी हाय खाल्ली असेल,’ असं म्हणतात आणि दुखण्याच्या जोडीला अपराधही शिरावर घेतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स कोयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली होती. कोणाची मनःस्थिती किती चांगली होती आणि कोण किती जगलं, यांत त्यांना संबंध आढळला नाही. काहींना हे निराशाजनक वाटेल. मला यात मोठा दिलासा दिसतो. घाबरल्यामुळे, रडल्यामुळे, रात्र-रात्र डोळा न लागल्यामुळे कुणी आपलं आयुष्य स्वतःच्या हातानं कमी करत नसतो.

मग मनाला आधार द्यायचा तो कशासाठी? माणसाला त्रास होतो आहे, एवढ्यासाठीच. दुसरं कारण शोधायची गरज नाही.

हा त्रास मोजायला न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. जिमी हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती काढली. कागदावर थर्मामीटरचं चित्र, त्यावर शून्य ते दहा आकडे. गेला आठवडा कसा गेला, तिथं खूण करायची. ‘मानसिक’ हा शब्द ऐकून बिचकणारा पेशंटही आकडा सांगतो. मला मात्र त्या चित्राच्या जोडीला असलेली यादी जास्त मोलाची वाटते. तिच्यात भीती आहे, उदासी आहे, आणि त्यांच्याच पंगतीला राहायची सोय, येण्याजाण्याचा प्रवास, पैसे, नोकरी आणि मुलांना कोण बघणार हेही आहे.

परळला टाटा मेमोरियलच्या आसपास सकाळी थोडा वेळ उभं राहिलं तरी ही यादी डोळ्यांसमोर येते. १९४१ पासून चालू असलेल्या या रुग्णालयात बिहार-बंगालपासून बुलढाणा-नांदेडपर्यंतची माणसं येतात. रेडिएशन काही मिनिटांचं, पण ते आठवड्यातून पाच दिवस आणि पुष्कळदा पाच-सहा आठवडे घ्यावं लागतं. उपचारासाठी येताना रेल्वे स्लीपरमध्ये पेशंटला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत देते. गाडीतून उतरल्यावर राहायचं कुठं? ज्याला गाडगेबाबांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत जागा मिळते तो नशीबवान. नाहीतर फुटपाथ आहेच. शेतमजुरी बुडवून आलेल्या माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणताना जीभ अडखळायला हवी. धर्मशाळेत शेजारच्या पथारीवरची बाई जेव्हा म्हणते, ‘माझी सहावी सायकल झाली, तिसरीनंतर तोंडाची चव गेली होती, आता भात जातो,’ तेव्हा नवीन आलेल्याला पुढची वाट थोडी दिसते. तिनं धीर धरायला सांगितलेलं नसतं. काय होईल ते सांगितलेलं असतं.

२०२१ मध्ये लालबाग भागातली म्हाडाची शंभर घरं टाटाच्या पेशंटना आणि त्यांच्या नातलगांना द्यायचं ठरलं होतं. रहिवाशांनी हरकत घेतली, निर्णयाला स्थगिती मिळाली, आणि मग सरकारनं बॉम्बे डाईंगच्या जागेतल्या घरांचा पर्याय दिला. पर्याय लगेच निघाला हे चांगलंच झालं. तरीही ती हरकत माझ्या मनातून जात नाही, कारण तिची लहान-लहान रूपं घरोघर दिसतात. कॅन्सर स्पर्शानं लागत नाही हे ठाऊक असूनही पेशंटचं ताट-पेला वेगळा निघतो. मुलीचं लग्न ठरेपर्यंत आईच्या स्तनाच्या कॅन्सरबद्दल घरात कुजबुजतच बोललं जातं. वास्तविक स्तनाच्या कॅन्सरमध्ये आनुवंशिक प्रकार पाच ते दहा टक्के एवढेच. जबड्याचं ऑपरेशन झालेला माणूस लग्नाच्या पंगतीला येणं सोडतो, आणि ‘बरं झालं, त्यालाच संकोच वाटला असता’ असं म्हणून आपण सुटतो. त्याच्यासाठी खीर किंवा पातळ खिचडी वेगळी काढून त्याला आपल्या शेजारी बसवून घेणं काही अवघड नव्हतं.

म्हणून भेटायला जाल तेव्हा उदाहरणं घरी ठेवून जा. ‘भीती वाटते का?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर आलं नाही तर टीव्ही बघत बसा, तेही चालतं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, मागायची लाज सगळ्यांनाच असते. ‘पुढच्या कीमोला मी येतो’, ‘शनिवारी मुलांना आमच्याकडे पाठव’ असं ठरवूनच बोला. आणि पेशंटच्या बायकोला बाहेर बोलवून तिचीही विचारपूस करा. फाईलमधला कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा, रक्ताचा रिपोर्ट किती वाजता मिळतो, सगळं तिला पाठ असतं. तिची स्वतःची बीपीची गोळी संपून आठवडा झालेला असतो, आणि ते अजून कोणी विचारलेलं नसतं.