झाडू आणि धर्मशाळा

पार्ल्यात स्वयंसेवकांचा तुटवडा कधी पडला नाही. टिळकांच्या स्मरणार्थ १९२३ साली उभा राहिलेला लोकमान्य सेवा संघ आजही चालू आहे. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची छावणी इथेच पडली होती आणि जमनालाल बजाज तिचे नेते होते. व्याख्यानमाला असो की रक्तदान, खुर्च्या मांडायला आणि नंतर उचलायलाही इथे माणसं मिळतात. तेव्हा रविवारी सकाळी महापालिकेची बाग झाडायला पंधरा-वीस जण हातमोजे घालून जमतात, यात नवल नाही. नवल वाटतं ते काम आटोपल्यावर काढल्या जाणाऱ्या फोटोचं. त्यात बाग असते, आपण असतो, काळ्या पिशव्यांची रांग असते. ज्यांच्या नावाने आठवडाभर व्हॉट्सअॅप ग्रुपवर खडे फोडले, ती माणसं मात्र त्यात नसतात.

तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पहाटे एकटी फिरायला गेलेली बाई बाकामागून कुणी उठून बसलं की दचकते. घसरगुंडीखालच्या वाळूत काच सापडते. एखाद्या दिवशी इंजेक्शनची सुई सापडली, की पुढचे कितीतरी दिवस पोरं घरात कोंडली जातात. मागच्या भिंतीलगतच्या वासाबद्दल तर बोलायलाच नको. आणि मुंबईत बाग म्हणजे चैन नव्हे. केंद्राची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी म्हणतात. मुंबईच्या वाट्याला जेमतेम सव्वा चौरस मीटर येते, असा हिशेब नेहमी मांडला जातो. म्हाताऱ्यांना बसायला आणि पोरांना पळायला एवढीच जागा असेल, तर ती धड राहावी हा हट्ट रास्तच आहे. झाडू घेऊन उतरलेल्यांना ‘यांना गरिबी डोळ्यांसमोर नको असते’ म्हणून हिणवणारे मला आवडत नाहीत. ते स्वतः कधी पिशवी उचलताना दिसत नाहीत.

पण बागेत रात्री कोण झोपतं, हे त्या पंधरा-वीस जणांपैकी किती जणांना माहीत असतं? ग्रुपवर सगळे सरसकट ‘गर्दुल्ले’. त्यात गर्दुल्ले असतातही. पण त्यांच्याशेजारी लग्नाच्या हॉलमध्ये मध्यरात्रीपर्यंत ताटं उचललेला केटररचा पोऱ्या असतो, सिग्नलला गजरे विकणारी बाई असते, मुलाने घराबाहेर काढलेला म्हातारा असतो, आणि नाक्यावर उभं राहून रोजचं काम मिळवणारा बिगारी असतो. बाग झाडताना यांची गाठ पडत नाही, कारण आपण जातो तेव्हा ते कामावर गेलेले असतात.

अशाच एका रविवारी जास्वंदीच्या झुडपांमागे एक गाठोडं निघालं. खताच्या रिकाम्या गोणीत कोंबलेलं, वर निळी ताडपत्री, सुतळीच्या दोन गाठी. एका काकांनी ते चिमट्याने ओढलं आणि पिशवीचं तोंड पसरलं. तेवढ्यात माळी धावत आला. “साहेब, ते नका घेऊ. गवंड्याचं आहे. कामावर गेलाय, रात्री येईल.” गोणी अर्धवट सुटलीच होती. आत एक घडी घातलेली चादर, अॅल्युमिनियमचं पातेलं, प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स, आणि थापी व ओळंबा. थापीला वाळलेल्या सिमेंटचा कणही नव्हता, घासून ठेवलेली. कुणीतरी म्हणालं, “आज सोडलं तर उद्या दहा गाठोडी येतील.” त्यात तथ्य आहे. दुसरं कुणी म्हणालं, “पण हत्यारं कशी टाकायची?” त्यातही आहे. शेवटी माळ्याने गोणी उचलून आपल्या खोलीमागे नेली आणि मंडळी पालापाचोळ्याकडे वळली.

त्या ओळंब्याने माझा पिच्छा सोडला नाही. पार्ल्यात सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, हिरव्या जाळीत गुंडाळलेली एक तरी इमारत दिसेल. दोन-तीन मजल्यांच्या जुन्या सोसायट्या, गॅलरी, कौलं, मागचं आंब्याचं झाड, सगळं जातंय आणि विमानतळाच्या नियमांत बसेल तितकं उंच काहीतरी येतंय. पुनर्विकासाच्या सभा मी पाहिल्या आहेत. एरवी वार्षिक सभेला न फिरकणारे सभासद तिथे रात्री बारापर्यंत बसतात. कार्पेट एरिया किती वाढवून मिळणार, कॉर्पस किती, पार्किंग एक की दोन, आणि बांधकाम चालू असेपर्यंत बिल्डर दरमहा भाडं किती देणार. हा शेवटचा मुद्दा सर्वांत जिव्हाळ्याचा, कारण तीन वर्षं आपल्यालाच घर नसतं. सामान हलवण्याचा खर्चसुद्धा करारात येतो. पण आपली भिंत जो ओळंब्यात घेणार तो रात्री कुठे पाठ टेकणार, याचं कलम मी कुठल्याच मसुद्यात वाचलेलं नाही.

कायद्यात ते आलेलं आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याचं ३४ वं कलम २०२५ पर्यंत सांगत होतं, की मालकाने आपल्या कामगारांना कामाच्या जागी किंवा शक्य तितक्या जवळ मोफत तात्पुरता निवारा द्यायचा, आणि त्यात स्वयंपाक, आंघोळ, धुणं व शौचालय यांची वेगवेगळी सोय करायची. शिवाय बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर या कामगारांच्या कल्याणासाठी घेतला जातो. पण पार्ल्यातले प्लॉट लहान. यंत्रं आणि वाळू उतरल्यावर तिथे पत्र्याची खोली उभी राहायला जागा उरत नाही. कायमचे कामगार अर्धवट स्लॅबवर झोपतात. नाक्यावरून एका दिवसासाठी उचललेला गवंडी कुणाच्याच हजेरीवर नसतो, तो संध्याकाळी पैसे घेऊन रस्त्यावर येतो. तिथून बाग जवळच असते. बागेची तक्रार करणारा आणि बागेत झोपणारा, दोघांनाही एकाच इमारतीने घराबाहेर काढलेलं असतं. एकाला भाडं मिळतं, एवढाच फरक.

माणसं कामाच्या पायी अंतरावर झोपतात, ही गोष्ट मुंबईला फार पूर्वी कळायला हवी होती. १९८५ साली ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या परिसरातल्या सुमारे सहा हजार फुटपाथवासी कुटुंबांची मोजणी केली. ‘वी, द इनव्हिजिबल’ या नावाने निघालेल्या त्या अहवालातून जे दिसलं ते साधं होतं: ही माणसं रिकामटेकडी नव्हती, रेल्वेचं भाडं परवडत नाही म्हणून कामाशेजारी राहणारी होती. त्याच वर्षी १० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात अंतुले सरकारने फुटपाथवासीयांना हाकलायचं ठरवलं, त्यावरचा हा खटला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. सभासंमेलनांत हा अर्धा निकाल सांगितला जातो. उरलेला अर्धा असा, की फुटपाथवर राहण्याचा हक्क कुणालाच नाही आणि नोटीस देऊन महापालिका झोपड्या काढू शकते. फक्त पावसाळा उलटून जाऊ द्यावा, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबावं. थोडक्यात, माणसाला जगण्याचा हक्क मिळाला, पण जगायचं कुठे हे ठरलं नाही. चाळीस वर्षं आपण त्याच अर्धवटपणावर शहर चालवतो आहोत.

अमेरिकेचं उदाहरण यात मुद्दाम आठवतं. ओरेगन राज्यातल्या ग्रांट्स पास या छोट्या गावाने सार्वजनिक बागेत पांघरूण घेऊन झोपणाऱ्याला २९५ डॉलर दंड ठेवला, आणि जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी असा दंड करता येतो असं ठरवलं. आपल्याकडे हे वाचून नाकं मुरडली गेली. पण २००६ च्या मुंबईच्या स्वच्छता उपविधींत उघड्यावर आंघोळ करण्याला आणि लघवी करण्याला दंड आहेच. ज्याला नळ नाही त्याने आंघोळ कुठे करायची, हे उपविधी सांगत नाहीत.

निवाऱ्याचा नियम मात्र आपल्याकडे आहे, आणि तो चांगला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तो आला: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी एक कायमचा, चोवीस तास चालणारा निवारा, माणशी पन्नास चौरस फूट. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. शहर त्याच्या जवळपासही पोचलेलं नाही. त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री फुटपाथ, ह्यूम पाइप, पूल आणि जिन्यांखाली झोपलेल्यांची मोजणी झाली, ती सुमारे ५७ हजार भरली. या क्षेत्रातल्या संस्था हा आकडा फारच कमी आहे म्हणतात आणि मला ते पटतं. एका रात्रीत कंदिलाने शोधलेल्यांपेक्षा न सापडलेले जास्तच असणार.

स्वच्छता म्हटलं की आपल्याला गाडगेबाबा आठवतात. महाराष्ट्राने २००० साली ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं, ते योग्यच झालं. गावात शिरायचं ते हातात खराटा घेऊन, दिवसभर गल्ल्या झाडायच्या, रात्री कीर्तनात लोकांची डोकी झाडायची, हा त्यांचा क्रम. पण त्यांची दशसूत्री कधी सावकाश वाचली आहे का? भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, बेघरांना आसरा, बेकारांना रोजगार, मुक्या जनावरांना अभय... दहाच्या दहा वाचा. त्यात झाडू कुठेही नाही. ज्या माणसाने आयुष्यभर झाडू हातातून सोडला नाही, त्याने आपल्या शिकवणुकीच्या यादीत तो घातलाच नाही. झाडणं ही त्यांच्या लेखी सुरुवात होती. जागा साफ झाली की तिथे माणसाची सोय करायची. म्हणून त्यांच्यामागे खराट्याबरोबर धर्मशाळा आल्या: नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना दुसऱ्या कुणी ओसरीवरही घेत नव्हतं त्यांच्यासाठी होती, आणि ती त्यांनी पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दादरला आज त्यांच्या नावाने जी धर्मशाळा चालते, तिच्यामुळे टाटा रुग्णालयात आलेल्या कितीतरी कॅन्सरच्या रुग्णांना परळचा फुटपाथ चुकतो. आपण बाबांचा खराटा घेतला, फोटो लावला आणि धर्मशाळेची पावती तेवढी विसरलो.

बागेच्या बाबतीत हे विसरणं कसं होतं, ते पाहण्याजोगं आहे. साफसफाईच्या मागोमाग कुंपणाची मागणी येते, मग कुलपाची, मग सुरक्षारक्षकाची, मग बाकांना मध्ये लोखंडी दांडे बसवण्याची, म्हणजे कुणाला आडवं होता येऊ नये. २०१८ साली फोर्टमधल्या एका बँकेने शाखेबाहेरच्या कट्ट्यावर चक्क सुळे बसवले होते. ओरड झाल्यावर काढावे लागले. कुलपाचा त्रास नेहमी दुसऱ्यालाच होतो असंही नाही. दुपारी बंद असलेल्या बागेच्या फाटकाबाहेर उन्हात बसलेली कुरिअरची पोरं आणि मोलकरणी बघितल्या की कळतं, एका माणसाची झोप उडवण्यासाठी आपण किती जणांची सावली काढून घेतो. नागरिकांनी सार्वजनिक जागा वाचवल्याची उदाहरणं या शहरात आहेत. नव्वदच्या दशकात ओव्हल मैदानासाठी तिथल्या रहिवाशांनी सरकारशी कोर्टात भांडण केलं आणि मैदान सावरलं, हे मोठंच काम. पण अशा यशोगाथांत एक प्रकरण कायम कोरं असतं: तिथे जे झोपत होते ते कुठे गेले? ते हवेत विरत नाहीत. उड्डाणपुलाखाली जातात, आणि मग तिथले रहिवासी ग्रुप काढतात.

रात्री बागा उघड्या ठेवून सगळ्यांना झोपू द्यावं, असं माझं म्हणणं नाही. बाग ही झोपायची जागा नव्हे, हे तिथे झोपणाऱ्याइतकं चांगलं कुणालाच ठाऊक नाही. डास त्याला चावतात. माझं म्हणणं इतकंच, की पंधरा-वीस शिकलेली, वेळ असलेली, महापालिकेच्या कार्यालयात पत्र कसं द्यायचं हे जाणणारी माणसं रविवारी सकाळी एकत्र येतात, ही या शहरात दुर्मीळ गोष्ट आहे. तिचा उपयोग पाला गोळा करण्यापुरताच करणं ही उधळपट्टी आहे. पाला महापालिकेचा माळीही गोळा करतो.

तेव्हा पुढच्या रविवारी हातमोजे घालण्याआधी के-पूर्व विभाग कार्यालयाला दोन ओळींचा अर्ज द्या. आमच्या विभागात बेघरांसाठी निवारा कुठे आहे, किती जणांचा आहे, आणि नसेल तर कधी होणार, एवढंच विचारा आणि पोच घ्या. बागेशेजारचं स्वच्छतागृह पहाटे चारला उघडायला लावा. तुमच्या सोसायटीचा करार अजून व्हायचा असेल, तर वकिलाला सांगून कॉर्पसच्या खाली एक कलम घालून घ्या, की कामगारांच्या राहण्याची सोय त्या ३४ व्या कलमात सांगितली होती तशी बिल्डर करेल आणि सोसायटी ती दर महिन्याला पाहील. बिल्डर कुरकुर करेल, पण पार्किंगवर केलेली घासाघीस त्याने ऐकून घेतलीच होती, हीही घेईल.