तगादा

तगादा ही एक कला आहे आणि पूर्वी तिला मेहनत लागत असे. पेशवाईत सावकार ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे. तो उपाशी, म्हणून घरातलेही उपाशी. दोन्हीकडच्या चुली थंड! यात एक न्याय होता. मागणाऱ्यालाही भूक लागायची, आणि भुकेइतकी लवकर तडजोड दुसरे कोणी घडवत नाही.

आता तगादा फोनवरून होतो. मागणारा कुठेतरी जेवूनखाऊन पंख्याखाली बसलेला असतो. घास अडतो तो आपला. आमच्या डोंगरकड्यात रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी देऊन माणूस दिवसा जरा आडवा होतो, तोच फोन वाजतो. कर्ज त्याचे असेल तर एक वेळ समजू. मला फोन येतात ते शेजाऱ्याच्या कर्जाचे! मोटारसायकलचा अर्ज भरताना 'ओळखीच्या व्यक्ती' या रकान्यात त्याने माझा नंबर घातला. ओळख ही इतकी महाग वस्तू आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

"काका, तुमचे शेजारी घरी आहेत का?"

शेजारी माझ्याच ओट्यावर बशीत चहा ओतत होता. त्याने हातवारे केले, "नांदेडला गेला म्हणा, गुरुजी!"

आता आला नीतीचा प्रश्न. कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९७ साली लिहून ठेवले आहे, की मारेकरी दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारू लागला, तरी खोटे बोलू नये. कांटकडे फोन नव्हता. तत्त्व शाबूत राहायला तेवढे पुरते. आपल्या धर्मराजाने अश्वत्थाम्याच्या बाबतीत हत्तीची पळवाट काढून पाहिली, तर रथ जमिनीला टेकला. म्हणजे खोट्याची सोय कुठेच नाही.

पण बारकाईने पाहिले तर कांटचा नियमही उत्तर टाळताच येत नसेल तेव्हाचा आहे. खरे बोलणे हे आपले देणे खरे; प्रत्येकाच्या प्रश्नाला उत्तर देणे हे काही देणे नव्हे. रिझर्व्ह बँकेने तर ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलेच, की थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नयेत, आणि कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना, संदर्भासाठी नाव दिलेल्यांना त्रास देऊ नये.

मी म्हणालो, "बाबा, त्याचा प्रश्न त्याला विचार. मी जामीन नाही, शेजारी आहे."

"वाचवलं गुरुजी!" शेजारी म्हणाला.

"तुला कशाला वाचवू? हप्ता तुलाच भरायचाय. हळद विकली की आधी तेवढं कर."

कर्ज पैशात घेतले, ते पैशातच फिटावे. ते अब्रूत वसूल करायला निघाले की सावकाराचाच तोटा. कारण अब्रू आहे तोवर माणूस फेडायची धडपड करतो. ती चारचौघांत एकदा गेली, की तो कोणाला भिणार?

शेजाऱ्याला हे इतके पटले, की त्याने बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मग हळद विकेपर्यंत हप्त्यापुरते तुम्हीच द्या ना!"

दिले. मला तगाद्याला फोन लागत नाही. भिंतीवरून हाक पुरते. आणि रिझर्व्ह बँकेची वेळही मला लागू नाही.