तपासनिसाची फी कोण देतो?

अमुक मनुष्य प्रामाणिक आहे की नाही, असे आपण सहज विचारतो. या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

सुरतेच्या पांडेसरा भागात कापड रंगाई-छपाईच्या गिरण्यांची धुराडी आहेत. पोटासाठी खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे जवळच उधना, लिंबायत येथे राहतात. अशा धुराड्यांतून किती घाण बाहेर पडते हे मोजून सरकारी मंडळास कळविण्याचे काम गुजरातेत खाजगी तपासनिसांकडे असे. पण तपासनीस निवडायचा कारखानदाराने, आणि फीही द्यायची त्यानेच!

२००९ ते २०११ या काळात एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे व निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने अहमदाबाद व सुरत परिसरातील ४७३ कारखान्यांत एक प्रयोग केला. सुमारे निम्म्या कारखान्यांना तपासनीस चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नेमून दिले, त्यांची ठरीव फी सामाईक निधीतून दिली, आणि काही मोजमापे दुसऱ्यांकडून पुन्हा करविली. जुन्या रीतीत अहवालातले आकडे बहुधा मर्यादेच्या किंचित खाली येत. धूर मात्र पुष्कळदा मर्यादेबाहेर असे. नव्या रीतीत ‘सर्व ठीक’ असा खोटा शेरा सुमारे ८० टक्क्यांनी घटला, आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले.

विशेष हे की, काही तपासनीस दोन्ही रीतींत काम करीत होते. तीच माणसे नव्या रीतीच्या कारखान्यात अधिक खरे लिहीत, आणि जुन्या रीतीच्या कारखान्यात त्यांचा हात ढळे.

मग दोष माणसाचा नव्हे, रीतीचाच म्हणावा काय? नाही. खोट्या कागदावरची सही ज्याची त्याचीच. पण खरे लिहिणाऱ्याचे काम जाईल अशी रीत ज्यांनी चालू ठेवली, तेही त्या सहीचे वाटेकरी आहेत. धुराने खोकणाऱ्या लेकरांपुढे दोघांनाही हात झटकता येणार नाहीत.

मंडळीच्या दानपेटीची मोजणी दोघांनी करावी, असे कोणी सुचविले की पूर्वी आम्हांस राग येई. आपल्याच बंधूवर अविश्वास कसा दाखवावा, असे वाटे. आता आम्हांस वाटते, त्याला एकट्याला मोहापुढे उभे करणे ही प्रीती नव्हे. शेजारी दुसरा बंधू बसविणे, हीच खरी प्रीती.

तेव्हा दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाचे माप घेण्याआधी एवढे पाहू या : त्याला खरे बोलणे परवडेल, अशी आपली रीत आहे काय?