स्वप्नातील धर्मशाळा

स्वप्नाच्या फलासंबंधी आपले पूर्वज वाटतात तितके भाबडे नव्हते. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज असे सात प्रकार सांगून त्यांपैकी पहिले पाच वैद्याने निष्फल समजावेत, असा स्पष्ट निवाडा दिलेला आहे. तेव्हा आषाढीला पंढरपुरात एखाद्या ओवरीत पथारी टाकून आलेल्या वारकऱ्याला पुढे श्रावणात धर्मशाळेचे स्वप्न पडले, तर चरकाच्या मते त्यात भविष्याचा काही दाखला नाही. ब्रह्मसूत्रे मात्र स्वप्नसृष्टीला मायामात्र ठरवून दुसऱ्याच श्वासाला तिला सूचकही म्हणतात. फल नाकारले तरी अर्थाची चौकशी उरते, ती अशी.

हा अर्थ लावताना प्रवचनकारांचे एक उत्तर ठरलेले असते: संसार ही धर्मशाळा, जीव हा पांथस्थ, मुक्काम रात्रीपुरता. सूफी कथांतही बल्खच्या इब्राहीम बिन अधमच्या राजवाड्यात एक अनोळखी मनुष्य शिरून त्याला सराई म्हणतो, आणि तुझ्या आधी येथे कोण राहत होते, त्याच्याही आधी कोण, असे विचारीत त्या बादशहाच्या मालकीची वहिवाटच खोटी पाडतो. कथा मोठी मार्मिक आहे. परंतु क्षणभंगुरतेचा हा बोध भाड्याच्या खोलीवरूनही होण्यासारखा असल्यामुळे धर्मशाळेचे जे खास वैशिष्ट्य, ते या अर्थातून निसटते, असे मला वाटते. धर्मशाळेत निजणारा मनुष्य परक्याच्या पुण्यावर निजतो. अहल्याबाई होळकरांनी आपल्या खासगी उत्पन्नातून दूरदूरच्या तीर्थक्षेत्री ज्या धर्मशाळा बांधल्या, त्यांत उतरणाऱ्या यात्रेकरूंपैकी कितीकांना दात्रीचे नावही ठाऊक नसेल.

आणि याहून अवघड गोष्ट अशी की, धर्मशाळेला दरवाजा असतो व दरवाजाशी नाव-गाव विचारणारा कोणीतरी बसलेला असतो. ज्या पंढरीत सर्व भक्त समान म्हणून शतकानुशतके कीर्तने झाली, तेथेच अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना इतरांच्या धर्मशाळांत थारा नव्हता. म्हणून गाडगे महाराजांना त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाची वेगळी धर्मशाळा उभारावी लागली, आणि 1949 साली तिचा कारभार त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केला. स्वतःसाठी त्यांनी झोपडीही बांधली नाही, ही गोष्ट सारे सांगतात. वेगळी धर्मशाळा का लागली, हे सांगताना आवाज थोडा खाली येतो. जगाला धर्मशाळा म्हणणारा तत्त्वज्ञ बहुधा आत जागा मिळालेल्यांपैकीच असतो! बाहेर पायरीवर रात्र काढणाऱ्याला मुक्कामाची क्षणभंगुरता शिकवण्यात काय हशील? त्याचा मुक्काम मुळात सुरूच झालेला नाही.

आता स्वप्नाकडे वळू. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला सांगतो की, स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्तेही नसतात. ते सर्व हा आत्माच निर्माण करतो, कारण तोच कर्ता होय. हे वचन एकदा प्रमाण मानले, म्हणजे स्वप्नातील पाहुणाच तेवढा आपण, बाकी इमारत परकी, अशी सोयीची वाटणी टिकत नाही. ओवरी आपण, कंदील आपण, दप्तर उघडून जात व गाव विचारणारा मुनीमही आपणच; आणि ज्याला पाहून मुनिमाने दप्तर मिटले, तो पायरीवरचा इसमही आपल्याखेरीज कोणी नाही. जागेपणी ज्याच्या दैन्याशी आपला काडीचा संबंध नाही अशी आपण खात्री बाळगतो, त्याला निद्रेने आपल्याच द्रव्यातून घडवून आपल्याच दाराशी उभे केलेले असते. म्हणून असे स्वप्न पडल्याचे कोणी सांगू लागला, तर प्रवास घडेल की मृत्यू जवळ आला, याचा विचार मी नंतर करीन. आधी त्याला एवढेच विचारीन की, तुम्ही आत शिरलात तेव्हा दारावर कोण होते, आणि त्याने कोणाला परत पाठवले.